चारशे बारा नंबरचं मत

ज्या वर्षी माझ्या थोरल्या लेकीला, शालनला, जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. साल एकोणनव्वद. दिवाळी होऊन महिना होत आला होता. शालन बाळंतपणाला माझ्याकडं होती, घरात एकच खोली, दोन तान्ही पोरं आळीपाळीनं रडायची. आणि मी मतदानाच्या दिवशी भर दुपारी विडी कारखान्याच्या ओसरीवर उभी राहून चेकरशी भांडत होते.

“ही छाट,” चेकर म्हणाला आणि माझ्या कट्ट्यातल्या आठ-दहा विड्या मोडून त्यानं खाली टाकल्या.

“काय खोट काढलीस तीत?”

“तोंड नीट वळलेलं नाही.”

“वीस वर्षं तोंडं वळतेय मी. आजच बिघडली होय रे?”

मागून नरसव्वा म्हणाली, “केरक्का, त्याचं स्वतःचं तोंड बघ की. त्याला अजून कुणी छाट केलं नाही.”

ओसरीवरच्या बायका हसल्या. चेकर हसला नाही. त्यानं पुढचा कट्टा उचलला आणि सोनार अंगठी पारखतो तशी एकेक विडी उजेडाला धरून बघायला लागला.

नरसव्वा माझी शेजारीण. माहेर तेलंगणातलं, नवरा हातमागावर. विड्या वळताना पानं-तंबाखू ठेवायचं तिचं सूप आणि माझं सूप एकाच भिंतीला टेकून वीस वर्षं चाललेलं. रोज आम्ही माल देऊन, दुसऱ्या दिवशीची पानं आणि तंबाखू घेऊन तासाभरात घरी जायचो. त्या दिवशी सकाळी नऊला उभ्या राहिलो ते एक वाजून गेला तरी निम्मी रांग बाकी. मतदानाची सुट्टी सरकारनं दिली होती, पण कारखान्यावर आदल्या दिवशीच सांगितलं होतं : उद्या ज्या बाईचा माल येणार नाही तिला परवा पानं मिळणार नाहीत.

कारखाना मारुतीदादा शिंगाड्यांचा. दादा आमच्या पेठेचे नगरसेवक, आणि दिल्लीला उभे असलेल्या अण्णासाहेब देवकात्यांचं आमच्या भागातलं सगळं काम त्यांच्याच हातात. हे आम्हाला माहीत होतं. तरी दोन्ही गोष्टींची गाठ आम्ही मारली नाही. चेकरचं घरी बायकोशी बिनसलं असेल एवढंच आम्हाला वाटलं.

घरी आले तेव्हा आमचे मालक खाटेवर बसून शाई लावलेलं बोट नातवंडांना दाखवत होते. त्यांनी सकाळी आठच्या ठोक्याला जाऊन बूथवरचं पहिलं मत दिलं होतं. पहिल्या निवडणुकीपासूनचा त्यांचा नेम. गिरणी बंद पडून पाच वर्षं झाली होती, त्यांच्याकडं गिरणीतला खोकला तेवढा राहिला होता. पण निवडणूक आली की माणूस उठून बसायचा.

“तू अजून गेली नाहीस?” ते म्हणाले.

“भाकरी तर खाऊ द्या.”

“खा. मतदारसंघ कुठं पळून जात नाही. आधीच पळालाय तेवढा पुरे.”

मग त्यांचं ते नेहमीचं सुरू झालं. पहिल्या दोन निवडणुकांत आमच्या शहरातून लाल बावट्याचा माणूस दिल्लीला गेला होता. तेव्हा गिरणीच्या तीन पाळ्यांतला माणूस जिकडं वळेल तिकडं खासदारकी वळायची. पुढं सरकारनं नवा नकाशा काढला. नदीपलीकडचे उसाचे दोन तालुके आम्हाला जोडले आणि पूर्वेची हातमागाची अर्धी वस्ती तोडून शेजारच्या मतदारसंघात टाकली. वडाच्या चौकात तर रस्त्याची एक बाजू ह्या खासदाराची, दुसरी बाजू त्या खासदाराची. “एका घरातल्या दोन जावा, त्यांना दोन खासदार,” मालक म्हणायचे. मग गिरण्याच बंद पडल्या. पाळ्या गेल्या, तशी माणसं पाळीनं मोजायची राहिली आणि जातीनं मोजायला सुरुवात झाली. मारुतीदादांनी प्रत्येक गल्लीची मोजदाद करून ठेवली होती. लिंगायत एवढे, पद्मशाली एवढे, मुसलमान एवढे, मराठे, धनगर, बौद्ध, मांग.

“आणि विडीवाल्या?” मी विचारलं.

“त्या काय वेगळ्या मोजायच्या? त्या आपापल्या नवऱ्यात धरल्यात.”

“मला नका धरू कुणात.”

“बरं बाई. मग देणार कुणाला?”

“सांगणार नाही.”

“अगं, मी नवरा आहे तुझा.”

“म्हणूनच.”

शालन हसली. एक पोर जागं झालं. मी हात धुतले, धुतलेलं लुगडं नेसले आणि नरसव्वाला हाक मारली.

तीन वाजले असतील. नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत आमचा बूथ. कारखान्यावरून सुटलेल्या तीस-चाळीसजणी बरोबरच निघालो होतो. शाळेत माणूस नव्हतं फारसं. दाराशी एक पोलीस स्टुलावर पेंगत होता. आत टेबलाशी केंद्रप्रमुख बसलेले, हत्तुरे गुरुजी. ते बाहेरच्या तालुक्यातले शिक्षक, सरकारी हुकमानं आलेले. त्यांच्या मागं बाकावर दादांचा माणूस सुरवसे, बूथचा एजंट म्हणून. पूर्वी तिथं लाल बावट्याचाही एक एजंट बसायचा. त्या वर्षी बसवायला त्यांच्याकडं माणूसच उरला नव्हता.

यादीवरच्या कारकुनानं माझी चिठ्ठी घेतली, बोट फिरवलं आणि थांबला. “चारशे बारा. केराबाई गेनबा लोखंडे. बाई, तुमचं मत झालंय.”

“कधी?”

“सकाळी.”

“सकाळी मी कारखान्यावर होते. हे बघा बोट.”

गुरुजींनी वर न बघताच म्हटलं, “शाई पुसली असेल.”

“पुसता येते होय? मग लावता कशाला?”

मागं हशा झाला. गुरुजींनी आता वर पाहिलं. थकलेला माणूस. डोळे असे की दिवसभर कुणाच्या डोळ्यांत बघायचं टाळलंय. त्यांनी मतपत्रिकांची फाडून उरलेली पुस्तकं ओढली, पानं चाळली आणि एका अडीच बोटं रुंदीच्या कागदावर नख टेकवलं. “हे बघा. चारशे बारा. ही तुमची सही. आता जा, मागच्यांना वाट द्या.”

“काय आहे म्हणालात?”

“सही.”

मी काही बोलायच्या आत नरसव्वा खो खो हसत सुटली. पदर तोंडात कोंबला तरी तिचं हसणं थांबेना.

“गुरुजी,” मी म्हणाले, “मला सही येत नाही.”

कारकुनाचं बोट यादीवर होतं तिथंच राहिलं.

“मी अंगठा देते. रेशनच्या दुकानात, कारखान्यात, सगळीकडं अंगठा. विचारा ह्यांना.”

सुरवसे मागून म्हणाला, “शिकली असशील गं मावशे. हल्ली बायकांच्या शाळा निघाल्यात.”

“शिकले असते तर तुझ्या दादाच्या ओसरीवर चार तास उभी राहिले असते काय रे?”

“गुरुजी, पुढचा नंबर घ्या. ही नाटकं चालायची.”

“पुढचा माझाच,” नरसव्वा पुढं झाली. “चारशे अठरा. माझी पण सही झाली का बघा.”

झाली होती. गुरुजींनी नाइलाजानं वाचून दाखवली.

“कुठल्या भाषेत केली मी?” नरसव्वानं विचारलं. “मला मराठी लिहिता येत नाही आणि तेलुगूही येत नाही. तिसरी कुठली शिकले ते मला तरी कळू दे.”

आता कुणी हसलं नाही. बायका एकेक पुढं येत गेल्या आणि नंबर सांगत गेल्या. चारशे वीस, सही. चारशे एकतीस, सही. आमच्या पेठेत विडीवाल्या बायकांत सही येणारी एक सापडली असती तर तिला बघायला गर्दी जमली असती. आणि त्या पुस्तकात आम्ही सगळ्याच्या सगळ्या शिकलेल्या निघालो.

गुरुजी उठून माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, “बाई, अकराला आले. वीसेक पोरं होती. इथं मी आणि तो एक पोलीस. मी काय करणार होतो?”

“तेव्हा नाही केलं ते आता करा. लिहा.”

“मी लिहिलं तर ह्या शहरातून मी घरी कसा जाणार?”

“आणि मी? मी तर ह्याच शहरात राहते.”

त्यांनी टेबलावरचं एक कोरं पाकीट पुढं ओढलं. मग म्हणाले, “तुम्हाला टेंडर मत देतो. कायद्यात तशी सोय आहे. कोरी मतपत्रिका देतो, शिक्का मारा, वेगळ्या पाकिटात ठेवू.”

“पेटीत नाही?”

“नाही. पाकिटात.”

“मोजणार?”

“कोर्टानं मागवलं तर.”

“मला पेटीतलं पाहिजे,” मी म्हणाले. “जे माझं नेलंय तेच पाहिजे.” आणि टेबलापुढं, दाराच्या वाटेवर, मांडी घालून बसले.

सुरवसे उठला. “ए म्हातारे, ऊठ.”

पंचेचाळिशीची होते मी. पण त्यानं म्हातारी म्हटलं त्याचं काही वाटलं नाही, कारण त्याच वेळी माझं लक्ष त्या पुस्तकाकडं गेलं होतं. गुरुजींच्या हातात ते माझ्या नंबरावर उघडं होतं, अगदी माझ्या डोळ्यांसमोर. मला अक्षर वाचता येत नव्हतं. पण शेवटच्या अक्षरापासून एक रेघ उलटी मागं ओढलेली होती, सगळ्या नावाखालून, आणि तिच्या खाली दोन टिंबं.

ती रेघ मी कितीदा बघितली होती. घरी बसून रेशनचा फॉर्म भरताना, विडी कामगाराच्या कार्डाच्या अर्जावर, शाळेच्या कागदांवर. “आई, शाईनं हात कशाला भरवतेस, मी करतो,” म्हणून माझ्या नावाची सही आमच्या घरात एकच माणूस करायचा. त्याला दहावीपर्यंत शिकवायला मी विड्या वळल्या होत्या.

ती सही माझ्या उत्तमची होती.

तेव्हा उठता आलं असतं. सुरवसे तर ऊठ म्हणतच होता. मी पदर घट्ट खोचला आणि म्हणाले, “नरसव्वा, बस गं.”

नरसव्वा बसली. मग बाकीच्या बसल्या. पाच वाजता बूथ बंद व्हायचा, तोपर्यंत एक पाऊल ठेवायला जागा उरली नाही. साडेपाचला हत्तुरे गुरुजींनी एक कागद घेतला, घाम पुसला आणि लिहायला लागले.

दिवेलागणीला उत्तम घरी आला. दारातच थांबला. माझ्याकडं बघितलं आणि त्याला कळलं की मला कळलंय.

“किती टाकलीस?” मी विचारलं.

“तेवीस.”

“तुझं स्वतःचं?”

त्या वर्षी अठरा वर्षांच्या पोरांना पहिल्यांदाच मत मिळालं होतं. त्याला विसावं लागलेलं. आठवडाभर तेच बोलणं चाललं होतं त्याचं. “राहिलं,” तो म्हणाला. “नंतर टाकू म्हटलं होतं.”

“सह्या कशाला केल्यात रे येड्यांनो?” मालक खाटेवरून ओरडले. “अंगठे तरी लावायचे!”

“दादा म्हणाले, अंगठे नको. एकाच माणसाचे अंगठे सारखे निघतात, सापडतील. वेगवेगळ्या पोरांनी सह्या करा.”

एवढी हुशारी केली होती त्यांनी. मालकांना खोकल्याची उबळ आली, का हसू आलं, सांगता येत नाही.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. मारुतीदादा स्वतः. मागं कुणी नाही. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. आमच्या घरात ते त्याआधी कधी आले नव्हते. खाटेच्या कडेला बसले, बाळंतिणीची विचारपूस केली, पोरांच्या हातात दहा-दहाच्या नोटा दिल्या. मग माझ्याकडं वळले.

“केराबाई, उद्या निवडणुकीचे साहेब येणार. त्यांच्यापुढं पहिलं नाव तुमचं. मी काय म्हणतो, सही कुणाची ते निघालं तर पोरगं आत जाईल. आणि एक तारखेला मी त्याला नगरपालिकेत चिकटवणार होतो.”

“मग?”

“मग सोपं आहे.” त्यांनी गुंडाळी सोडली. आत नवीकोरी पाटी आणि पेन्सिल. “तुमचं नाव म्हणजे किती अक्षरं? उत्तम शिकवील. उद्या साहेबापुढं गिरवून दाखवा. म्हणा, आता येते सही, शाळेत घाबरून बोलले. तुमचं एकीचं खरं ठरलं की बाकीच्या आपोआप खोट्या पडतील.”

पाटी त्यांनी माझ्यापुढं जमिनीवर ठेवली.

मालक म्हणाले, “घे की. पोराच्या जिवावर बेतलंय.”

उत्तम खाली बसला. त्यानं पाटीवर माझं नाव लिहिलं. सुंदर अक्षर त्याचं. शेवटी ती रेघ मागं ओढली, टिंबं दिली, आणि पेन्सिल माझ्याकडं धरली. “आई. चारच वेळा गिरव. येतं.”

मला त्याचं लहानपण आठवलं असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मला तसलं काही आठवलं नाही. मला राग आला होता. मी लहान असताना भावाची पाटी पुसून द्यायचे, तिच्यावर काही लिहायचं काम मला कुणी दिलं नाही. लग्नानंतर नवरा वाचता येणारा, पोर लिहिता येणारं, आणि पंचेचाळीस वर्षांत माझ्यापुढं पाटी ठेवायला कुणाला सवड झाली नव्हती. आता ठेवली होती ती ह्यासाठी.

“दादा,” मी म्हणाले, “पाटी घेऊन जा.”

“केराबाई, नीट विचार करा.”

“केला. मला शिकायचंच आहे. पण खोटं बोलायला नाही शिकायचं, ते न शिकताही येतं लोकांना.”

दादा उठले. पाटी त्यांनी नेली नाही. दारातून म्हणाले, “सोमवारपासून कारखान्यावर येऊ नका.”

ते गेल्यावर मालक म्हणाले, “तू आई आहेस का वैरीण?”

“उद्या साहेब विचारतील सही कुणाची,” मी उत्तमला म्हणाले. “मी सांगणार आहे. आत्ता सांगून ठेवते. पळायचं असेल तर गाडी आहे सव्वानऊची.”

तो पळाला नाही. भिंतीकडं तोंड करून झोपला. त्या घरात त्या रात्री जेवलं कुणी नाही, बाळंतीण सोडून.

दुसऱ्या दिवशी शाळेतच चौकशी. साहेब तरुण होते, कडक इस्त्रीचे. शेजारी कारकून, त्याच्यापुढं कागदांची चळत. मालक माझ्याबरोबर आले होते. का आले ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ते बाहेरच्या पायरीवर बसले.

मी सगळं सांगितलं. कारखान्यावर चार तास उभं केलं ते. पुस्तकातल्या सह्या. संध्याकाळी दादा घरी आले ते, काय बोलले ते, पाटी. आणि माझ्या नावापुढची सही माझ्या मुलाची, उत्तम गेनबा लोखंडे ह्याची. हे बोलताना माझा आवाज चांगला निघाला. साहेब मध्येच फोन आला म्हणून मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. कारकून भराभर लिहीत होता. लिहून झाल्यावर त्यानं शाईचं पॅड पुढं सरकवलं.

“अंगठा.”

“आधी वाचा.”

त्यानं वाचलं. सगळं होतं. कारखाना होता, दादा होते, पाटी होती, उत्तम होता. चांगलं वाचलं त्यानं, थोडं भरभर.

मी अंगठा मुठीत धरला. “आमच्या मालकांना बोलवा. त्यांना वाचता येतं.”

“बाई, माझ्यावर विश्वास नाही?”

“काल माझी सही निघाली साहेब. आज कुणावर ठेवू?”

मालक आत आले. खिशातून चष्मा काढला, एक काडी तुटलेली, दोऱ्यानं बांधलेली. कागद डोळ्यांजवळ धरला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांना काहीही म्हणता आलं असतं. ‘बरोबर आहे’ म्हणाले असते तर मी अंगठा दिला असता. ‘उत्तमचं नाव खोडा’ म्हणाले असते तर, मला वाटतं, कारकुनानं आनंदानं खोडलं असतं. खूप वेळ लागला त्यांना. ओठ हलत होते.

“ह्यात पोराचं नाव आहे,” शेवटी ते म्हणाले. “दादाचं नाही. कारखानाही नाही. ‘काही अज्ञात इसमांच्या सांगण्यावरून’ असं लिहिलंय.”

कारकून म्हणाला, “ते नंतर पुरवणीत येईल.”

“नंतर नको,” मालक म्हणाले. गिरणीच्या फाटकावर बोलायचे तो आवाज पाच वर्षांनी ऐकला मी. “पोर माझं आहे. ते जाऊ दे आत. पण एकटं नाही जाणार. ज्यानं पाठवलं त्याचं नाव वर लिहा, पोराचं खाली.”

साहेब दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी कारकुनाकडं बघितलं, नुसतं बघितलं. मला विचारलं, “शिंगाडे बूथवर होते का, बाई?”

“बूथवर नव्हते. माझ्या घरात होते, पाटीसकट. पाटी अजून घरी आहे. आणू?”

“नवा कागद घ्या,” साहेब म्हणाले.

तो दुसरा कागद मालकांनी दोनदा वाचला. मग मी अंगठा दिला. पानांनी आणि तंबाखूनं माझ्या अंगठ्यावरच्या रेषा निम्म्या झिजल्या होत्या, कारकून म्हणाला नीट उमटत नाही. मी म्हणाले, तेवढाच आहे, तेवढाच घ्या.

दुपारी पोलीस उत्तमला घेऊन गेले. जाताना तो वडिलांच्या पाया पडला. माझ्या नाही.

सोमवारी फेरमतदान झालं. पोलिसांची गाडी दाराशी, कारखाना सरकारच्या हुकमानं बंद. सात वाजल्यापासून बायकांची रांग पार वडाच्या चौकापर्यंत. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूच्या बायका, ज्यांचा मतदारसंघ वेगळा, त्या ओट्यावर बसून आम्हाला बघत होत्या. एक ओरडली, “आमच्याकडं पण करा की गं चोरी, आम्हालापण मान मिळेल!” यादीवरचा कारकून नवीन होता. त्यानं माझा अंगठा घेतला, मतपत्रिका दिली. मी पडद्याआड गेले आणि शिक्का मारून पेटीत टाकली. पेटीत. उत्तम त्या दिवशी कोठडीत होता, त्याचं पहिलं मत राहून गेलं.

अण्णासाहेब देवकाते अडतीस हजारांनी निवडून आले. आमच्या बूथची सगळी मतं अकराशे. दादांवरची केस सहा वर्षं चालली, साक्षीदार एकेक करून आजारी पडले, दादा सुटले आणि आणखी दोनदा नगरसेवक झाले. मला पानं मिळाली नाहीत. सात महिने मी नरसव्वाच्या कार्डावर विड्या वळल्या. चेकरला ठाऊक होतं, माझं वळण तो ओळखत होता. त्यानं एकही छाट काढली नाही. लोक तेव्हा विचारायचे आणि अजून विचारतात, मिळवलंस काय? मी त्यांना सांगते, पुढच्या निवडणुकीपासून मतदानाच्या दिवशी कारखाना बंद राहायला लागला, आणि मोजणारे आले की विडीवाल्या किती ते वेगळं विचारायला लागले. मी मत कुणाला दिलं ते मालकांनाही सांगितलं नाही. त्यांनी मात्र मरेपर्यंत विचारलं.

अक्षरं मी एक्कावन्नाव्या वर्षी शिकले, पेठेत साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा. हे सगळं माझ्या हातानं लिहिलंय, चुका नातीनं काढल्यात.

उत्तम सुटून आला आणि चार दिवसांत भिवंडीला गेला, यंत्रमागावर. चार वर्षं ना पत्र, ना निरोप. मालकांचं शेवटचं चाललं होतं तेव्हा आला. तेरावं झाल्यावर परत जायला निघाला, पिशवी भरली, आणि चुलीपुढं माझ्याजवळ येऊन बसला.

“आई, एक विचारायचं होतं. सही बघून तुला काय वाटलं? मी मुद्दाम केली असं?”

“मला माहीत नाही. मुद्दाम केलीस का?”

“नाही.” त्यानं चुलीत एक काटकी सारली. “तुझी चिठ्ठी हातात आली, मी नाव लिहिलं. नेहमीसारखं. तुला सही येत नाही हे माझ्या ध्यानातच नव्हतं. इतकी वर्षं तुझी सही करत आलो, मला वाटायला लागलं होतं, ती तुलाच येते.”

मी त्याला भाकरी बांधून दिली. गाडीपर्यंत सोडायला गेले. पाया पडला. मग तो दर दिवाळीला यायचा.

आमचे मालक, गेनबा लोखंडे, त्र्याण्णव सालच्या ऑगस्टात गेले. नरसव्वा दोन हजार सहा साली गेली. माझा मुलगा उत्तम दोन हजार चौदा साली, फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, भिवंडीत वारला. चव्वेचाळीस वर्षांचा होता.